टोपली बांधण्यापुरते केस

पहिल्यांदा टोपली निसटली ती थेट परातीत. कमलीबाई वाकून ज्वारीचं पीठ मळत होती. डाव्या कानाच्या पुढं केसांत विणलेली चांदीची टोपली घुगऱ्यांसकट खाली आली आणि ओल्या पिठात रुतून बसली. एकटी आली नाही, सोबत केसांची अख्खी बट घेऊन आली. मुळासकट. पाऊस पडून गेलेल्या वावरातून गवत उपटावं तशी सहज. कमलीबाईला काही दुखलं नाही. न दुखल्यामुळेच ती जास्त घाबरली.

टोपली म्हणजे उपड्या वाटीसारखा चांदीचा दागिना. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांत विणून बांधतात, खाली घुगऱ्या लोंबतात आणि बाई चालली की गालावर वाजतात. बंजाऱ्याची बाई सवाशीण आहे हे तोंड उघडण्याआधी तिची टोपलीच सांगून टाकते. मानोरा तालुक्यातल्या या तांड्यावर आता ती बांधणाऱ्या पाच-सहाच बाया उरल्या होत्या. कमलीबाईची सून संगीता लग्नाच्या दिवशी बांधून मिरवली आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून म्हणाली, "याडी, मले नाई जमत हे. मान दुखते." कमलीबाईनं आग्रह केला नाही. ज्याची त्याची मान.

तिची स्वतःची मात्र कधी उतरली नव्हती. उतरायची वेळ एकच असते, नवरा वारला की. आणि रतनसिंग वारला असं कोणी सांगितलं नव्हतं.

तो होता असंही कोणी सांगत नव्हतं, ही खरी अडचण. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते, तिला म्हणतात कोयता. तो हरवला त्या साली संगीता पहिलटकरीण होती म्हणून कमलीबाई घरी राहिली आणि रतनसिंग अर्धा कोयता होऊन एकटाच कर्नाटकात गेला. जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ओरडला होता, "नात झाली तं माह्या मायचं नाव ठेवजो, नातू झाला तं तुले जे आवडन ते!" नात झाली. नाव ठेवलं. ते त्याला कळवायला फोन लावला तेव्हा फोन बंद होता. तळावरच्या लोकांनी सांगितलं, दुपारी तंबाखू आणायला म्हणून बाजाराकडं गेला, तो आलाच नाही. पोलिसात नोंद झाली. धनराज, त्यांचा मुलगा, दोनदा तिकडं जाऊन आला. दवाखाने पाहिले, स्टेशनं पाहिली, अनोळखी मेलेल्या माणसांचे फोटोही पाहिले. त्यात बाप नव्हता. नात आता दप्तर घेऊन शाळेत जात होती, आणि कमलीबाई रोज सकाळी टोपलीला चिंचेनं घासून लख्ख करत होती.

तर ती टोपली पिठात पडली आणि मग केसांनी ताळच सोडला. फणी घातली की फणी भरून यायची. उशीवर केस, फडक्यावर केस, भाकरीत केस. धनराजनं एकदा घासातून लांबलचक केस ओढून काढला आणि ताटाच्या काठावर ठेवला. संगीतानं कांद्याचा रस काढून चोळला. दोन दिवस घरात कोणाला जेवण गेलं नाही, केस मात्र जायचे तेवढे गेले. शेजारच्या पंचफुलानं, जी कमलीबाईपेक्षा मोठी आणि तांड्यावरच्या सगळ्या दुखण्यांची जाणकार होती, गुंजा उगाळून लेप दिला. डोक्याची आग आग झाली.

"अवं, बोअरचं पानी खराब झालं असंन," संगीता म्हणाली. "तिकडं शेगावाकडं नाई का, गावंच्या गावं टकली झालती मांगं."

"पानी तं समदेच पिऊन राह्यले," पंचफुला म्हणाली. "एकल्या हिचेच कसे चाल्ले?" मग आवाज उतरवून, पण कमलीबाईला ऐकू जाईल एवढाच उतरवून, म्हणाली, "टोपली आपल्या मनानं खाली आली ना कमली? आपल्या मनानं आली का समजावं."

"काय समजावं?"

"आता मी काय सांगू बाप्पा तुले!"

"नको सांगू मंग. चाय पेशीन?"

पंचफुला चहा पिऊन गेली. तिनं जे सांगितलं नाही ते घरातच बसून राहिलं.

कमलीबाईच्या मनात त्या दिवसापासून जे चाललं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण तिला त्याची लाज वाटत होती. ती घाबरली होती, हे खरं. पण घाबरण्याच्या खाली कुठंतरी तिला बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत त्याच्याकडून काही म्हणजे काही आलं नव्हतं. फोन नाही, निरोप नाही, कोणाच्या तोंडून राम राम नाही. आणि आता हे आलं. आजारी असेल, कुठं पडला असेल, तिची आठवण काढत असेल. त्यानं तिकडं काहीतरी ओढलं आणि इकडं हिचे केस सुटले. रात्री गोधडीवर पडलं की ती हळूच केसांतून हात फिरवायची, हातात आलेली बट बोटाला गुंडाळायची आणि मनातच विचारायची, "काय म्हनता? सांगून तं पाहा."

दिवसा मात्र तिचं एकच काम. टोपली पडू द्यायची नाही. कानापुढचे केस विरळ झाले तशी तिनं मागचे केस पुढं ओढून घेतले, त्यांत काळा दोरा घातला, दोऱ्याला मेण चोळलं आणि टोपली अशी आवळून बांधली की भुवया वर चढल्या. झोपतानाही सोडली नाही. नात म्हणाली, "आजी, तू घाबरल्यावानी काहून दिसून राह्यली?"

"नवी फ्यासन हाय," कमलीबाई म्हणाली.

शेवटी संगीतानंच हट्ट धरला. एक दिवस तिनं सासूच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, तिला डोक्यावर घ्यायची धुतलेली टुकरी दिली आणि म्हणाली, "एसटीचा टाइम झाला. वाशीमले चामडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. चाला."

"केसासाठी कोनी दवाखान्यात जाते का? लोकं हासतीन."

"लोकाईच्या डोक्शावर केस हायेत, त्याईले हासू द्या."

डॉक्टरीणबाईंचं नाव वैजयंती. तरुण होत्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलायच्या. त्यांनी कमलीबाईला उजेडाकडं तोंड करून बसवलं, केस बाजूला करून भांग पाहिला, मग चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले. पाच-सहा हातात आले. ते त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवले.

"मावशी, हे टोक पाहा. पांढरा बारीक मणी दिसतो ना? केस तुटला नाही, आपण होऊन सुटला. पावसाळ्यात काही मोठं दुखणं झालं होतं?"

"नाई बा."

"झालतं ना म्याडम!" संगीता पुढं सरकली. "सरावनात टायफाड निघला व्हता. अन्नाले शिवत नव्हत्या. सलाईन लावल्या. पोयाच्या दिवशीबी आंथरुनातच व्हत्या."

"ते तं कवाच बरं झालं," कमलीबाई म्हणाली. "ताप सरावनात, केस गेले दिवाईच्या मांगून. त्याचा याच्याशी काय संबंध?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "सगळे हेच म्हणतात. मोठा ताप आला की अंग म्हणतं, आधी जीव वाचवू, केसांचं मागून पाहू. केसांची वाढ थांबते. पण ते तेव्हाच पडत नाहीत. दोन-तीन महिने जागेवर बसून राहतात आणि मग एकदमच सुटतात. तोवर माणूस तापाला विसरलेला असतो. मग पाण्यावर येतं, साबणावर येतं, कोणाच्या नजरेवर येतं."

"शेगावाकडं झालतं तसं तं नाई ना?" संगीतानं विचारलं.

"तसं असतं तर घरातल्या पोराटोरांचेही गेले असते. आणि चाई असती तर रुपयाएवढे गोल चट्टे दिसले असते, त्याची सुई वेगळी. ही चाई नाही. रक्त तपासू, थायरॉईड पाहू. डोळे पाहून सांगते, रक्त कमी आहे. ते भरलं की डोक्यावरचे केस येतील, सहा महिने धरा. कांदा, गुंजा, काही चोळू नका." मग त्यांनी टोपली तळहातावर उचलून धरली, जसा दुकानदार जिन्नस तोलतो तशी. त्यांचा चेहरा बदलला. "हे कधीपासून?"

"लगन झालं तवापासून."

"आणि हा दोरा?"

"तो आता बांधला. पडे म्हनून."

"म्हणजे केस सुटत होते आणि राहिलेल्या चार केसांवर तुम्ही सगळं ओझं टाकलंत." त्यांनी दोऱ्याच्या कडेची कातडी बोटानं दाबून पाहिली. तिथं लाल पुरळ उठली होती, आणि पुढं रुपयाभर जागा गुळगुळीत झाली होती. "मावशी, डोक्यावरचं तापाचं आहे, ते भरून निघेल. कानाजवळचं ओढण्याचं आहे. इथली मुळं मेली तर मग कोणतंही औषध चालणार नाही. हे काढावं लागेल."

"काढावं लागन म्हंजे?"

"उतरवायचं. केस येईपर्यंत."

संगीतानं खाली पाहिलं. कमलीबाईनं टोपलीवर हात ठेवला. मग म्हणाली, "संगीते, बाहीर जाय. रक्ताच्या खोलीत किती गर्दी हाय पाहून ये."

"मी आताच पाह्यली..."

"अजून एकडाव पाह्य."

सून गेली. कमलीबाईनं टुकरीचा पदर तोंडाशी धरला.

"म्याडम, तुमी शिकेल हा. एक इचारतो, हासू नका. नवऱ्याचं तिकडं काई बरंवाईट झालं... लांब, लय लांब... तं बायकोचे केस जातात का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लिहिता हात थांबला. "नाही मावशी. तुमचे केस फक्त तुमच्या अंगाचं सांगतात. दुसऱ्या कोणाचं नाही."

"म्हंजे यात त्याचं काईच नाई."

"काहीच नाही."

"वाईटबी नाई, चांगलंबी नाई."

"नाही."

कमलीबाईनं मान हलवली. कोणी चांगली बातमी दिल्यावर हलवावी तशी, दोनदा. रक्त द्यायला गेली, सुई टोचली तरी तोंड वाकडं केलं नाही. एसटीत खिडकीशी बसली. संगीता खूश होती, गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बोलत होती, "पाहा, म्या म्हनलं नव्हतं? अंडं खा म्हनल्या, डाळ खा म्हनल्या, शेंगदाने-गूळ खा म्हनल्या. आता घरचे अंडे इकायचे नाई." कमलीबाईनं "हं" म्हटलं. बाहेर तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. इतके दिवस रात्री ती ज्याच्याशी बोलत होती तो केसांत नव्हताच. तिकडून कोणी काही ओढलं नव्हतं. सगळं तिच्याच अंगातलं होतं, जुना ताप. मंगरूळपीर येईपर्यंत तिनं डोळे कोरडे ठेवले, आणि मग ठेवले नाहीत. संगीतानं पाहिलं आणि बोलणं बंद करून पिशवीची गाठ घट्ट केली.

घरी धनराजनं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "मंग काढ ना याडी. डॉक्टर म्हनून राह्यली तं काढ."

इतक्या लगेच म्हणाला की कमलीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुले लय घाई झाली."

"घाई कायची? तुह्या केसासाठी..."

"केसासाठी? का मी एकडाव काढावी, तुहा जीव मोकळा व्हावा?"

धनराज खाटेवरून उठला. "व्हय! मोकळा व्हावा! तू रोज ते चिंचेनं घासते, अन् मले रोज सकाळी वाटते का आज बा येते. रोज, याडी. मी बी त्याचा लेक हावो. त्या फोटोयतले मेलेले मानसं मी पाह्यले, तू नाई पाह्यले." आणि तो बाहेर जाऊन बैलाला उगाचच पाणी दाखवू लागला.

कमलीबाईनं त्याला हाक मारली नाही. पोराचं खोटं नव्हतं. पण टोपली काढली की ती त्याच्या बाजूची झाली असती, आणि रतनसिंगच्या बाजूला कोणी म्हणजे कोणी राहिलं नसतं.

म्हणून तिनं गोळ्या खाल्ल्या, अंडी खाल्ली, कांदा बंद केला, आणि टोपली तशीच ठेवली. रोज सकाळी दोऱ्यासोबत थोडे केस येत. ते ती मुठीत धरून चुलीत टाके. पंचफुला येऊन सांगून गेली, "उतरवू नको वं. एकडाव उतरली का उतरली. मंग परत बांधली तं लोकं काय म्हनतीन?"

एक दिवस भरदुपारी ती आरशासमोर बसली. आरसा दारावर टांगलेला, उन्हाचा सरळ उजेड. डावी टोपली आता केसांत नव्हतीच म्हटलं तरी चाललं असतं. मागून ओढून आणलेल्या एका दोरीसारख्या बटेवर ती लोंबत होती, आणि तिच्याखाली कानापुढची जागा दुधी भोपळ्यासारखी चकाकत होती. कमलीबाईनं तिथं बोट ठेवलं. गुळगुळीत. हिशेब तिच्यापुढं स्वच्छ मांडला गेला. तो आला, आज नाही, पुढच्या साली आला, त्याच्याही पुढच्या साली आला, तर ही टोपली ती कशाला बांधणार? कातडीला? ठेवायची असेल तर आताच उतरवली पाहिजे. तांड्यानं काय समजायचं ते समजो.

"संगीते! कात्री आन. अन् चाय ठेव, मोठ्या गंजात."

"कोन येऊन राह्यलं?"

"समदे."

तिनं पोत्याचं बसकण अंगणाच्या मधोमध टाकलं, जिथून चार घरांना दिसेल. डोक्यावरची टुकरी काढून मांडीवर ठेवली. संगीतानं कात्री लावली. दोरा कापला, मेणाची गाठ उकलली, आधी डावी आली, मग उजवी. घुगऱ्या शेवटचं वाजल्या आणि संगीताच्या ओंजळीत गप्प झाल्या. तोपर्यंत पंचफुला आलीच होती, तिच्यामागं अजून तिघीचौघी. पंचफुलानं पदर तोंडाला लावला आणि गळा काढायला श्वास घेतला.

"पंचफुले!" कमलीबाई बसल्या जागेवरून गरजली. "गळा काढला तं पाह्यजो! कोनासाठी रडून राह्यली? मानूस वारला असता तं म्या तुमाले चाय पाजली असती का? बसा खाली. संगीते, कप आन."

पंचफुलाचा श्वास अर्ध्यावर अडकला. तो आता सोडायचा कुठं हे तिला कळेना, म्हणून ती खोकली. एक बाई फिसकन हसली. मग सगळ्या बसल्या.

"दवाखान्याच्या हुकमानं उतरोली," कमलीबाई म्हणाली. "केसाचं मूळ मेलं तं परत येत नाई म्हने. समद्यायनं आयका, मंग मांगून इचारू नका. ज्याले इचाराचं हाय त्यानं आता इचारा."

बाया फुंकर मारत चहा प्यायल्या. एकीनं साखर जास्त झाली म्हटलं.

धनराज वावरातून आला तेव्हा अंगणात रिकामे कप होते आणि आई उघड्या डोक्यानं बसली होती. तिच्या कानांजवळ दोन्ही बाजूंना दोऱ्याचे वण दिसत होते. त्याला वाटलं होतं, हे झालं की आपला जीव हलका होईल. तो दारातच उभा राहिला. मग आत जाऊन बाहेर आला, परत आत गेला. शेवटी तिच्याजवळ उकिडवा बसला.

"परत कवा बांधाची म्हनल्या म्याडम?"

कमलीबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"केस आले का बांधाची."

"मंग औषध टायमावर घेत जाय," तो म्हणाला आणि तिचा कप उचलून धुवायला घेऊन गेला.

थंडी सरली तशी डोक्यावर बारीक लव दिसू लागली. संगीता तिला उन्हात बसवून मान तिरपी करायची आणि ओरडायची, "आले वं याडी! बकरीच्या पिल्लावानी!" रक्त वाढलं होतं, टाचेच्या भेगाही भरत होत्या. कानाजवळ मात्र अजून फारसं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिथं लावायला थेंबांची बाटली दिली होती आणि स्वच्छ सांगितलं होतं, "इथलं मी वचन देत नाही मावशी. काही मुळं जिवंत दिसतात, थांबून पाहू."

रामनवमीला ती पोहरादेवीला गेली. दरसाल जायची. माणसं कुठून कुठून येतात, तेलंगणातून, कर्नाटकातून, ट्रकात बसून, पांढरे झेंडे घेऊन. दर्शन झालं की ती बायांच्या घोळक्यात सावली पाहून बसे, अशा जागी की पुरुषांची रांग समोरून जावी. यंदाही तशीच बसली. शेजारी नांदेडकडची एक बाई होती, दोन्ही गालांवर टोपल्या, पाठीशी एक तरुण मुलगी, मांडीवर तान्हं लेकरू. बाईनं कमलीबाईचा घेरदार फेटिया पाहिला, काचळीवरचे आरसे पाहिले, आणि मग कानाजवळची रिकामी जागा पाहिली. तिचा आवाज मऊ झाला.

"मालक कवा वारले, बाई?"

"वारले नाईत," कमलीबाई म्हणाली. "केसाचं औषध चालू हाय."

बाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या घुगऱ्या वाजल्या, आणि मग एकदम सरकून जवळ आली. "खरंच येतात का वं औषधानं? ह्या माह्या पोरीचे पाहा ना, मुठी मुठी चाल्ले. कोनी म्हनते नजर लागली."

"लेकरू किती म्हयन्याचं?"

"चवथा चालू हाय."

"मंग बाळतपनाचे असतीन. होते तसं. नजर-बिजर काई नाई." कमलीबाईनं त्या मुलीची मान हलकेच उजेडाकडं वळवली, भांग पाहिला. समोर पुरुषांची रांग पुढं सरकत होती. एक उंच म्हातारा पाठमोरा उभा होता, पटका रतनसिंगसारखा जरा उजवीकडं झुकलेला. कमलीबाईचा हात मुलीच्या डोक्यावर तसाच राहिला.

"काय झालं?" बाईनं विचारलं. "काई वाईट दिसून राह्यलं का?"

म्हातारा वळला. दुसराच कोणीतरी होता, दात नसलेला, नातवाला खांद्यावर घेतलेला. रांग पुढं गेली. त्याच्यामागून आणखी माणसं आली.

"नाई, बरं हाय," कमलीबाई म्हणाली. नजर रांगेवर ठेवूनच तिनं मुलीची आवळलेली वेणी सैल करायला घेतली. "पह्यलं तं रक्त तपासा हिचं. अन् केस असे कसून बांधत जाऊ नको बाई, मोकळे ठेव."